कराटे स्पर्धेचे फोटो: झूम बॅगेत ठेवा, ५० एमएम काढा

फोंड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी लग्नं, मुंजी आणि शिगमोत्सवाचे फोटो काढतो. आता कराटेच्या जिल्हा स्पर्धेचं काम मिळालंय. गेल्या वेळी शाळेच्या हॉलमध्ये काढलेले फोटो हललेले, पिवळे-हिरवे आणि दाणेदार आले. ऐन ठोशाचा क्षण तर दरवेळी हुकला. माझ्याकडे क्रॉप सेन्सरची डीएसएलआर, १८-५५, ५५-२५० आणि ५० एमएम एफ/१.८ अशा लेन्स आहेत. नवी मिररलेस बॉडी घेऊ का?"

नको. या कामासाठी तरी नको. तुमच्या यादीतली शेवटची लेन्स हीच कामाची लेन्स आहे, आणि गेल्या वेळी ती बॅगेतच राहिली असणार. खेळ म्हटला की लांब झूम, हे गोव्यात फुटबॉलने आपल्या डोक्यात बसवलंय. पण कराटेची मॅट केवढी असते? ८ बाय ८ मीटर. कडेपासून दोन मीटरवर बसलात तर मॅटचा मध्य तुमच्यापासून सहा मीटरवर येतो. तेवढ्या अंतरावर क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवरच्या ५० एमएमच्या चौकटीत साधारण २.७ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच एवढं मावतं. लहान गटातले दोन खेळाडू, त्यांच्यामधलं अंतर, वर गेलेला पाय, सगळं त्यात बसतं. मोठ्यांच्या गटाला आणखी मीटरभर मागे सरका.

आता उजेडाचा हिशेब. मॅटवर ५०० लक्स उजेड आहे असं धरू, म्हणजे नीट प्रकाशलेल्या ऑफिसातल्या टेबलावर असतो तेवढा. १/८०० सेकंदाच्या शटरला एफ/२.८ वर (एफचा आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडी) आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० लागेल. तुमची ५५-२५० लांब टोकाला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, तिला त्याच उजेडात १२८०० लागतील. ५० एमएम एफ/२ वर ठेवली तर १६०० पुरतात. शाळेच्या हॉलमध्ये उजेड याच्या निम्मा असेल तर झूम २५६०० मागेल आणि ५० एमएम ३२०० मध्ये भागवेल. हा तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट उजेडाचा, फरक आहे. नवी बॉडी घेऊन, तिच्यावर तीच झूम लावून तो भरून निघत नाही.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. वर्तमानपत्राचे फोटोग्राफर ७०-२०० एफ/२.८ घेऊन बसतात तेव्हा फुल फ्रेमवर, २०० एमएमला, आठ मीटर अंतरावर त्यांच्या हातात जेमतेम वीतभर फोकसची खोली असते, म्हणजे पुढेमागे तेवढाच भाग स्पष्ट येतो, २५-२७ सेंटिमीटर. खेळाडू अर्धं पाऊल पुढे आला की संपलं. त्यांचे कॅमेरे आणि त्यांचा हात ते सांभाळून घेतात. तुमच्या ५० एमएमला एफ/२ वर सहा मीटरवर जवळजवळ मीटरभर खोली मिळते. फोकस थोडा इकडेतिकडे झाला तरी चेहरा वाचतो. स्वस्त लेन्सचा हा फायदा सोडू नका. एफ/१.८ पर्यंत मात्र उघडू नका, एफ/२ किंवा २.२ वर ती जास्त धारदार असते.

शटरचं गणित सोपं आहे. लाथेचा पाय सेकंदाला १० मीटर वेगाने जातोय असं धरा. १/२५० ला तो उघड्या शटरसमोर चार सेंटिमीटर सरकतो, १/१००० ला एक. मी कुमितेला, म्हणजे दोघांच्या लढतीला, १/८०० वरून सुरुवात करतो, सीनियर गटात १/१००० वर जातो, सात-आठ वर्षांच्या मुलांना १/५०० वर थांबतो. काताला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याशिवाय करायच्या ठरलेल्या हालचालींना, १/४०० सुद्धा पुरतं, कारण तिथे प्रत्येक तंत्राच्या शेवटी शरीर क्षणभर घट्ट थांबतं आणि फोटो त्याच थांब्याचा असतो. मूठ किंचित हललेली आली तर मला चालते, चेहरा हललेला चालत नाही. मुठीसाठी आयएसओ आणखी दुप्पट करण्यात मला अर्थ वाटत नाही.

पिवळा-हिरवा रंग हे प्रकरण वेगळं आहे, आणि लग्नवाल्यांना ते नवं वाटतं, कारण लग्नात फ्लॅश सगळं झाकून टाकतो. आपल्याकडची वीज ५० सायकलची. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट, मेटल हॅलाइडचे दिवे आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही. १/८०० चं शटर मात्र त्या लाटेचा एक छोटा तुकडा उचलतं, म्हणून एकाच बर्स्टमधली (एका दाबात सलग घेतलेल्या फोटोंतली) एक फ्रेम उजळ, पुढची काळपट, तिसरी तांबूस. बरं, शटरचा पडदा सेन्सरवरून जायलाच चार-पाच मिलिसेकंद घेतो आणि दिव्याची एक लाट दहा मिलिसेकंदांची असते. त्यामुळे एकाच फोटोत वरचा भाग एका रंगाचा आणि खालचा दुसऱ्याच रंगाचा येऊ शकतो. याला कुठलंही व्हाइट बॅलन्स सेटिंग पुरं पडत नाही.

म्हणून हॉलमध्ये शिरल्यावर पहिलं काम: मोबाइलवर स्लो मोशन लावून दिव्यांचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. लुकलुक दिसली तर कॅमेऱ्याच्या मेनूत अँटी-फ्लिकर शोधा. कॅननने ही सोय २०१४ च्या सेव्हन डी मार्क टू मध्ये आणली, आणि नंतर ती बऱ्याच कॅमेऱ्यांत आली. ती चालू केली की कॅमेरा दिवा पूर्ण उजळण्याच्या क्षणाची वाट पाहून शटर सोडतो. बर्स्ट थोडा मंदावतो, तो मंदावू द्या. तुमच्या बॉडीत ती नसेल तर बसायची जागा बदलून पाहा. मोठ्या हॉलमध्ये दिव्यांच्या रांगा अनेकदा वेगवेगळ्या फेजवर असतात. जिथे दोन-तीन रांगांचा उजेड एकत्र पडतो तिथे एकीचं मंदावणं दुसरी भरून काढते. साधारणपणे हॉलच्या मधली मॅट कोपऱ्यातल्या मॅटपेक्षा सरळ वागते. आयोजकांनी तीन मॅट मांडल्या असतील आणि तुम्हाला निवड असेल, तर मधली मागा.

गोव्यात या बाबतीत दोन टोकं आहेत. २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धेत आपल्याकडे ज्युदो, तायक्वांदो आणि वुशू झाले, २०२३ मध्ये ३७ वी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाली, आणि त्या निमित्ताने पेडे, नावेली, ताळगाव, कांपाल ही नावं इनडोअर खेळांसाठी घराघरांत पोचली. अशा मोठ्या स्टेडियममध्ये दिवे उंचावर असतात, उजेड मॅटभर सारखा पसरतो. पण तालुक्याच्या आणि क्लबच्या स्पर्धा व्हायच्या त्या शाळेच्या सभागृहात किंवा पंचायतीच्या हॉलमध्येच होतात. तिथे छत ठेंगणं, अर्ध्या ट्यूब गेलेल्या आणि एका बाजूच्या खिडक्यांतून दुपारचं ऊन आत. खिडकी पाठीशी घेऊन बसा. तो उजेड लुकलुकत नाही आणि फुकट मिळतो. सकाळी अकरा आणि दुपारी तीन या वेळांना एक्स्पोजर पुन्हा तपासा, एवढंच.

एक्स्पोजर मॅन्युअल. गी, म्हणजे कराटेचा पोशाख, पांढरा असतो, कॅमेऱ्याचा मीटर त्याला राखाडी समजून सगळा फोटो काळा करतो. मग घरी येऊन तुम्ही तो उजळता आणि दाणे वर येतात. गेल्या वेळचे दाणे बहुतेक आयएसओमुळे कमी आणि या उजळण्यामुळे जास्त आले असतील. सराव करणाऱ्या एखाद्या मुलाच्या गीवर टेस्ट घ्या, शटर १/८००, अ‍ॅपर्चर एफ/२ पक्कं ठेवा आणि गीवर जास्त उजेडाची लुकलुकती खूण दिसेपर्यंत आयएसओ वाढवा. मग एक पायरी खाली या. खिडक्यांचा उजेड बदलला नाही तर दिवसभर तेच. नीट उजेड दिलेला ३२०० चा फोटो ८ बाय १२ च्या प्रिंटवर कुणाला खटकत नाही, पालक तर मोबाइलवरच पाहणार आहेत. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका, लाल-निळ्या मॅट त्याला फसवतात. करडं कार्ड घेऊन एकदा ठरवा. गी पांढरा आहे म्हणून त्यावरच ठरवायचा मोह होतो, पण आपल्याकडच्या आया गीला नीळ इतकी मनापासून देतात की त्यावर ठरवलेल्या रंगात सगळ्या मुलांना कावीळ झाल्यासारखी दिसते.

बसायचं कुठे? खाली, जमिनीवर, आणि बाजूला. बाजूला याचा अर्थ असा, की दोन्ही खेळाडू तुमच्या डावी-उजवीकडे दिसले पाहिजेत, एकामागे एक नव्हे. मग दोघंही साधारण एकाच अंतरावर येतात, ठोसा आडवा जाताना दिसतो आणि फोकसची मीटरभर खोली दोघांनाही पुरते. एकाच्या पाठीमागून दुसऱ्याचा चेहरा टिपायचा प्रयत्न पुष्कळ जण करतात. त्यात शंभरातले नव्वद फोटो पाठीचे निघतात. कुमितेला चार कोपऱ्यांत लाल-निळे झेंडे घेतलेले पंच बसतात. त्यांच्या नजरेच्या आड येऊ नका, दोन पंचांच्या मधोमध, मागे सरकून बसा. गुणफलकाचं टेबल ज्या बाजूला आहे तिथे बसलात तर पार्श्वभूमीला प्रेक्षक येतील. समोर बसलात तर टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि प्रायोजकांचे फ्लेक्स येतील. ५० एमएम पार्श्वभूमी फार धूसर करत नाही, म्हणून हा निर्णय लढत सुरू होण्याआधी घ्या. मुख्य पंचांना भेटून जागा दाखवा आणि होकार घ्या. लढतीच्या वेळी फ्लॅश अजिबात नाही. खेळाडूचे डोळे दिपले आणि तेवढ्यात ठोसा बसला, तर ते पाप तुमच्या माथी.

आता हुकलेल्या ठोशाकडे येऊ. नव्या बॉडीचा विचार तुमच्या मनात खरा यामुळेच आला असणार. सेकंदाला दहा फ्रेमचा कॅमेरा घेतला तरी दोन फ्रेममध्ये दहावा हिस्सा सेकंद जातो, आणि तेवढ्यात आपला तो पाय एक मीटर पुढे गेलेला असतो. एका फ्रेममध्ये पाय उचललेला, पुढच्या फ्रेममध्ये खाली आलेला. डोळ्याने पाहून बोट दाबायला माणसाला सुमारे १/५ सेकंद लागतो, तेवढ्यात पाय दोन मीटर जातो. डीएसएलआरमध्ये तर आरसा वर गेल्यावर काही दिसतच नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये ठोसा लागलेला दिसला, तर समजा तो तुमच्या कार्डवर नाही.

तेव्हा हल्ला दिसण्याची वाट पाहायची नाही, तो येणार हे ओळखायचं. पेनल्टी अडवणारा गोलकीपर चेंडूकडे बघत नाही, मारणाऱ्याच्या कमरेकडे आणि टेकलेल्या पायाकडे बघतो, तसंच इथेही. कुमितेत खेळाडू एका लयीत उड्या मारत असतात. हल्ल्याच्या आधी ती लय मोडते: उडी अर्धवट राहते, कंबर किंचित खाली बसते, मागची टाच जमिनीवर रेटली जाते. ग्याकू-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, कमरेच्या वळण्याने सुरू होतो, मूठ नंतर निघते. मावाशी-गेरीत, म्हणजे गोल फिरवून मारलेल्या लाथेत, गुडघा आधी वर येतो. गुडघा दिसताच दाबा, पाय उलगडेपर्यंत शटर पडलेलं असतं. मूठ किंवा पावलाकडे बघत बसलात तर कायम उशीर होणार.

नियम माहीत असले की निम्मं काम आधीच होतं. ठोशाला १ गुण, पोटावर किंवा पाठीवर लाथेला २, डोक्याच्या उंचीच्या लाथेला किंवा पाडून केलेल्या वाराला ३. म्हणजे दोन गुणांनी मागे असलेला खेळाडू शेवटी काय करणार? वर लाथ मारणार, किंवा पाय झाडून पाडायला जाणार. शेवटच्या १५ सेकंदांची सूचना झाली की गुणफलकाकडे एकदा बघा आणि मागे पडलेल्याच्या चेहऱ्यावर फोकस ठेवा. पुढे असलेला पळेल, पळता पळता मॅटच्या कडेला येईल, आणि शेवटची धडक कडेलाच होईल. चौकट तिथे तयार ठेवा. पहिला गुण बिनविरोध घेणाऱ्याला सेन्शूचा, म्हणजे बरोबरी झाल्यास जिंकण्याचा, फायदा मिळतो, त्यामुळे सुरुवातीचे १०-१५ सेकंदही रिकामे जात नाहीत. मधला काळ अनेकदा नुसत्या उड्यांचा असतो, तेव्हा कार्ड भरू नका.

बर्स्ट वापरा, पण तीन-चार फ्रेमचा. पहिली फ्रेम तुम्ही ठरवून घेतलेली, बाकीच्या नशिबाच्या. बोट दाबून धरलं तर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरतो आणि कॅमेरा ऐन 'यामे'च्या (पंचांच्या 'थांबा'च्या) वेळी गप्प बसतो. 'यामे' नंतरचे दोन सेकंद तर सोडूच नका: ओरडलेला चेहरा, प्रशिक्षकाकडे गेलेली नजर, हरलेल्या मुलाने आवळलेला पट्टा. क्लबच्या भिंतीवर लागतात ते बहुतेक हेच फोटो. फोकस सतत चालणारा ठेवा, बिंदू एकच, मधला किंवा शेजारचा, आणि तो छातीच्या वरच्या भागावर धरा. फोकस शटरच्या बटनावरून काढून मागच्या बटनावर द्या. पंच मध्ये आला की अंगठा उचलायचा, गेला की परत ठेवायचा. पहिल्या दिवशी हे जड जातं.

तायक्वांदोचं काम मिळालं तर थोडा फरक करा. तिथे लाथांचाच खेळ, पुढचा पाय सतत हवेत. डोक्यावर शिरस्त्राण असल्यामुळे चेहरा ओळखणारा फोकस गोंधळतो, तो बंद ठेवलेला बरा. आखाडा अष्टकोनी असला तर कोपऱ्यापेक्षा बाजूसमोर बसा. ज्युदोला १/५०० पुरतं, पण चेहरे लपतात. कोणत्या हाताने कॉलर धरलीय ते पाहा, फेकणारा कुठल्या बाजूला वळेल ते त्यावरून कळतं, आणि चेहरा दिसेल अशी बाजू गाठता येते. ज्युदोपटू मॅटबाहेर तुमच्या अंगावर येऊन पडू शकतात. तिथे मांडी घालून बसू नका, पटकन उठता येईल असे बसा.

मिररलेसबद्दल एवढंच: बटन दाबण्याआधीच्या फ्रेम साठवून ठेवण्याची सोय त्यांतल्या काहींत खरोखर उपयोगी आहे. पण ती बहुधा इलेक्ट्रॉनिक शटरवर चालते, आणि स्वस्त एलईडीच्या हॉलमध्ये त्याने फोटोवर आडवे पट्टे उठतात. पूर्ण सेन्सर एकदम वाचणारे सोनी ए-नाइन थ्रीसारखे कॅमेरे त्यावर उपाय आहेत, पण एका जिल्हा स्पर्धेच्या मानधनात त्यांचा पट्टाही येणार नाही. पैसे हातात आलेच तर आधी ८५ एमएम एफ/१.८ घ्या. जवळची मॅट सोडून पलीकडच्या मॅटवर काम करायची वेळ येते तेव्हा ती लागते.

बाकीची कामं किरकोळ, पण चुकवू नका. प्रत्येक लढतीआधी गुणफलकाचा किंवा ड्रॉच्या कागदाचा एक फोटो घ्या, नाहीतर रात्री सगळी पांढऱ्या कपड्यांतली मुलं सारखीच दिसतात आणि कुठली म्हापशाची, कुठली डिचोलीची ते कळत नाही. मुलं लहान आहेत, तेव्हा फोटो कुठे टाकायचे ते आयोजकांकडून आधी ठरवून घ्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय स्वतःच्या जाहिरातीला वापरू नका. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरून थेट दमट हॉलमध्ये कॅमेरा उघडला तर लेन्सवर धुकं बसतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास हॉलमध्ये राहू द्या. तेवढ्या वेळात दिव्यांचा व्हिडिओ आणि पंचांची भेट उरकते.

आणि बक्षीस समारंभाला फ्लॅश खुशाल लावा, तिथे तुमचा लग्नांचा सराव कामाला येईल. फक्त पाहुण्यांच्या मागच्या फ्लेक्सवर चकाकी उठते, म्हणून थोडे तिरके उभे राहा आणि पदकं गळ्यात पडण्याआधी मुलांना पट्टे सरळ करायला सांगा.